त्या सकाळची हवा

विमानाने सायकल नेणारी माणसं कशी असतात ते जिग्नेशने फोनवर पाहून घेतलं होतं. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखं हेल्मेट, गालफडं बसलेली, आणि सायकल इतकी हलकी की एका हाताने उचलून खांद्यावर टाकावी. ही मंडळी कुठल्याशा डोंगरात जाऊन हौसेने स्वतःचा दम काढतात म्हणे. जिग्नेशच्या घरची सायकल त्यातली नव्हती. काळी, दांड्याची, मागे बर्फाची पेटी बसेल एवढा रुंद कॅरियर, हँडलला रबरी भोंगा, आणि कितीही घासा, न जाणारा मासळीचा वास. तिला उचलायचं तर दोघांनी कंबर कसावी लागे. आणि हीच सायकल विमानाने कोचीला न्यायची होती, कारण त्याच्या आईने तसं सांगितलं होतं.

"सायकल येणार असेल तर मी येते," पुतळी म्हणाली. "नाहीतर तू हो पुढे. भाविका वाट बघत असेल."

भाविका ही त्याची बायको. कोचीला कोळंबी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत जिग्नेश नऊ वर्षं माल तपासत होता. वास, रंग, बर्फ बघायचा आणि शिळा माल बाजूला काढायचा. "शेवटी मासळीतच गेलास ना," त्याचा बाप देवजी हसायचा, "फक्त हातमोजे घालून."

तो देवजी जाऊन महिना होत आला होता. डहाणूच्या मांगेलआळीतला, मासेमारांच्या वस्तीतला हा माणूस पस्तीस वर्षं सायकलवरून मासळी विकत होता. पहाटे बंदरावर माल घ्यायचा, पेटीत बर्फ भरायचा आणि भोंगा वाजवत तलासरीच्या बाजूचे पाडे धरायचे. आळीतल्या बाकीच्यांनी मोटरसायकली घेतल्या, टेम्पो घेतले. देवजीने नाही घेतली. त्याचं म्हणणं, मोटरसायकलचा आवाज ऐकून बाई भांडं घेऊन दारात येईपर्यंत मोटरसायकल पुढच्या पाड्यावर पोचलेली असते. सायकल कशी, थांबते. हट्टी माणसाकडे कारणं तयार असतात, आणि देवजी चांगलाच हट्टी होता. पासष्टाव्या वर्षी, त्याच रस्त्यावर, एका चहाच्या टपरीशी तो बसला तो उठलाच नाही.

जिग्नेश दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. तोपर्यंत देवजीला बर्फात ठेवलं होतं. मांगेलआळीत बर्फाला काय तोटा!

आता सायकलीचं सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिची आहे.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला जायचं होतं. दूध आणि फुलं आणायची राहिली होती. आळीतल्या सगळ्या गाड्या पाहुण्यांना आणायला डहाणू रोड स्टेशनवर गेलेल्या. जिग्नेशने घराच्या बाजूला टेकवलेली बापाची सायकल काढली. बसल्यावर चाकं जरा खाली गेल्यासारखी वाटली. उतरून त्याने तेच केलं जे बापाने त्याला नवव्या-दहाव्या वर्षी शिकवलं होतं. "टायर बसला की आधी पंक्चर शोधत बसू नको," देवजी सांगायचा, "व्हॉल्व्हची रबरी नळी बघ. आणि एका चाकाची बदललीस तर दुसऱ्याचीही बदल. त्या जोडीनेच म्हाताऱ्या होतात." ओसरीवरच्या कोनाड्यात देवजीचा पत्र्याचा डबा होता, त्यात नव्या नळ्या होत्या. जिग्नेशने पुढचा व्हॉल्व्ह सोडला, हवा फुस्स करून गेली. मागचा सोडताना बारकी चकती उडून जाऊ नये म्हणून त्याने तळहात आड धरला, आणि ती हवा त्याच्या हातावर आली. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. नळ्या बदलल्या, पंपाने हवा भरली आणि तो दूध आणायला गेला.

यात त्याचं काय चुकलं? काही नाही. बापाचं ऐकलं, एवढंच.

तेराव्याचं जेवण आटोपलं, पाहुणे पांगले. जिग्नेश ओसरीवर बसला होता. तेव्हा त्याने पाहिलं की आई रोजच्यासारखी घराच्या बाजूला गेली, सायकलशी वाकली आणि अंगठ्याने टायर दाबून पाहू लागली. पापलेट ताजं आहे का ते बघायला बाजारात दाबतात, अगदी तसं. पुढचं चाक, मग मागचं. मग पदराने हात पुसून ती आत निघून गेली. शेजारची भिकीमावशी भांडी आवरत होती. तिला त्याने विचारलं, "आई काय बघते गं रोज?"

भिकीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तुला नाय सांगितलं तिने?"

"नाही."

"त्या दिवशी सकाळी दोघांचं वाजलं होतं. तुझ्या बाबांचा गुडघा सुजलेला, भोपळ्याएवढा. ती म्हणाली आज राहू दे. ते म्हणाले, गिऱ्हाईक वाट बघतं. ही तिथे दांडीवर बोंबील घालत होती, ते इथे बसून पंप मारत होते. मी माझ्या दारातून बघत होते ना. दोन्ही चाकांत हवा भरली, पंप ठेवला, आणि म्हणाले, येतो गं. हिने मान पण नाय वळवली. म्हणाली, जा."

भिकी थांबली. जिग्नेशला पुढचं सांगायची गरज नव्हती. ज्या घरातली माणसं दर्यावर जातात त्या घरात कोणी कोणाला 'जा' म्हणत नाही. जाणाराही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि दारातल्या माणसाने 'या' म्हणायचं असतं. कितीही भांडण होवो, ताटं आपटली जावोत, 'या' म्हटल्याशिवाय माणूस उंबऱ्याबाहेर सोडायचा नाही. पुतळीने चाळीस वर्षांत हा नियम एकदा मोडला, आणि तेवढ्या एकाच वेळी देवजी परत आला नाही. आता जिग्नेशच्या लक्षात आलं की बाप गेल्यापासून आईच्या तोंडून 'जा' हा शब्दच निघाला नव्हता. ओट्यावर चढलेल्या मांजरालासुद्धा ती "हो बाजूला" म्हणत होती.

"म्हणते, चाकातली हवा त्या शब्दाच्या आधीची आहे," भिकी म्हणाली. "ह्यांच्या हातची तेवढीच एक गोष्ट राहिली, म्हणते. आणि बघ की रे, पंधरा दिवस होत आले, टिकली आहे. म्हणते, माझ्यावर रागावले असते तर टिकली नसती."

जिग्नेश उठून खाडीच्या बाजूला गेला आणि एका उलट्या घातलेल्या होडीला टेकून उभा राहिला. आईची ती हवा त्याने तिसऱ्याच दिवशी, दूध आणायला जाताना, घड्याळाकडे बघत सोडून दिली होती. आई जी रोज अंगठ्याने दाबून बघत होती ती त्याने भरलेली होती.

सांगून टाकावं असं त्याला वाटलं. त्याच संध्याकाळी वाटलं. पण सांगायचं काय? की बाबा रागावले होते की नव्हते ते आता कळायचा मार्ग नाही? जी गोष्ट धरून बाई दोन घास खात होती, ती तिच्या हातून काढून घ्यायची? त्याला ते जमलं नाही. आणि दोन दिवसांनी त्याला पुढचं चाक जरा नरम झालेलं दिसलं. पुतळी न्हाणीत गेली होती. त्याने पंपाच्या दांड्याला खोबरेल चोळलं, कुरकुर होऊ नये म्हणून वर फडकं गुंडाळलं आणि गुपचूप हवा भरली.

मग ते रोजचंच झालं. ट्यूब जुन्या, इतके दिवस कशाबशा टिकल्या, आता दोन दिवसांत उतरू लागल्या. पुतळी न्हाणीत, जिग्नेश पंपावर. ज्या माणसाने नऊ वर्षांत शिळ्या मालाच्या कागदावर कधी सही केली नाही, तो घरच्या घरी आईला रोज नवी हवा जुनी म्हणून खपवत होता. बरं, खोटं एकट्यापुरतं राहील तर ते खोटं कसलं! पुतळीने आळीत सांगितलं. बायका बघायला येऊ लागल्या. एक जण दाबून बघायची, मग दुसरी. "खरंच गं, टणक आहे," म्हणत डोळ्याला पदर लावायच्या. रखमाबाईसारखी कधी कोणाचं चांगलं न बोलणारी म्हातारी, तीसुद्धा टायरला हात लावून नमस्कार करून गेली. जिग्नेश तेव्हा ओसरीवर बसून फोनमध्ये डोकं खुपसायचा.

रजा संपत आली. तो गेला की चाकं चार दिवसांत बसणार होती. आईला नेणं भाग होतं, आणि तिने सायकलची अट घातली तेव्हा खरं तर त्याला सुटल्यासारखंच झालं. आगगाडीच्या ब्रेकमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, टाकू म्हटलं तर तिने मान हलवली. "ब्रेकमधल्या सामानाला आई ना बाप. आपल्याबरोबर येऊ दे." विमानाची तिकिटं आधीच काढलेली होती. तिने फक्त एकच विचारलं.

"हवा नाही ना काढावी लागत?"

विमान कंपनीचा नियम जिग्नेशने सकाळीच वाचला होता. पॅडल काढा, हँडल वळवा, खोक्यात घाला आणि दोन्ही टायरमधली हवा सोडा. चारही गोष्टी अगदी ठळक अक्षरात होत्या.

"नाही," तो म्हणाला. "हवेचं काही नाही."

त्याने मनाशी ठरवलं होतं, खोकं बांधून झालं की हळूच सोडायची आणि कोचीला पोचल्यावर आई उघडून बघायच्या आत भरायची. आधी इतक्या वेळा केलं, तसं आणखी एकदा.

निघायच्या दोन दिवस आधी पुतळी म्हणाली, "मला ती जागा बघायची आहे." म्हणून दोघं एसटीने तलासरीच्या रस्त्याला गेले. काकड्याची टपरी रस्त्याच्या कडेला, एका जांभळाखाली होती. काकड्या वारली, पन्नाशीचा, देवजीचं जुनं गिऱ्हाईक आणि जुना दोस्त. त्याच दिवशी तो देवजीची सायकल हातात धरून, चालत, डहाणूपर्यंत घेऊन आला होता. दुपारी निघालेला तो दिवेलागणीला पोचला. चालवत का नाही आणलीस म्हणून कोणी विचारलं, तर म्हणाला, "शेटच्या सायकलवर मी कसा बसू?"

काकड्याने पुतळीला बाकड्यावर बसवलं, चहा दिला, आणि जागा दाखवली.

"इथं सायकल लावली. इथं बसले. बोलले, काकड्या, पाणी दे. मी आत गेलो, मडक्यातून काढलं, वळलो, तर मान खाली. हाक मारली, नाय बोलले."

पुतळीने त्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. जांभळाची चार सुकी पानं होती, बाकी काही नव्हतं. मग तिने विचारलं, "कोणी हात धरला होता का त्यांचा? जाताना?"

काकड्याने मान हलवली. "नाय. मी आत होतो. कोण नव्हतं."

होय म्हणाला असता तर काय बिघडलं असतं त्याचं, असं जिग्नेशला वाटून गेलं, आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. परत येताना एसटीत पुतळी खिडकीबाहेर बघत होती. "एकटेच होते," ती म्हणाली. उतरेपर्यंत आणखी दोनदा म्हणाली.

सायकल बांधायला मसोलीहून पांड्या आला. हा सायकल दुरुस्तीवाला देवजीचा दोस्त, तोंडाने वाचाळ आणि हाताने चोख. फ्रीजचं एक खोकं आणि नव्या सायकलीचं एक, अशी दोन जोडून त्याने देवजीच्या सायकलीला घर तयार केलं. कॅरियर काढला, भोंगा काढला. उजवं पॅडल काढलं, डावं काढताना जिग्नेशने पाना उजव्यासारखाच फिरवला तशी पांड्याने त्याच्या हातावर टपली मारली. "डाव्याचे आटे उलटे असतात रे. बापाने एवढं पण नाय शिकवलं?" मग सवयीने त्याचा हात व्हॉल्व्हकडे गेला, आणि पुतळीने त्याचं मनगट धरलं.

"हवेला हात लावू नको."

"अगं वहिनी, विमानात..." पांड्या बोलायला लागला. जिग्नेशने मागून त्याला डोळ्यांनी विनवलं. पांड्याने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा वाक्य अर्ध्यावर सोडलं.

पुढचं मात्र जिग्नेशच्या हिशोबात नव्हतं. खोकं बंद झाल्यावर पुतळीने घरातून जाळ्याची सुतळी आणली आणि खोक्याला बांधली. नुसती बांधली नाही, वीतभर अंतरावर जाळ्याच्या गाठी मारत आडवी-उभी विणली. चाळीस वर्षं जाळी शिवलेले हात ते. त्या गाठी सोडवायच्या तर तिनेच सोडवाव्यात, नाहीतर कापाव्यात, आणि कापल्या की तिला कळणार. खोकं तिने आपल्या अंथरुणाशेजारी ठेवून घेतलं. आत हवा होती तशीच राहिली. तशीच म्हणजे कशी, तर आदल्याच सकाळी, प्रवासात उतरू नये म्हणून, जिग्नेशने नेहमीपेक्षा दहा-बारा दणके जास्तच मारले होते.

मुंबईच्या विमानतळावर ते चांगले तीन तास आधी पोचले. पुतळीने नवी कोरी सुती साडी नेसली होती आणि एक हात सतत खोक्यावर होता. काउंटरवरच्या मुलीने खोकं पाहिलं, मासळीचा वास आला तशी नाक किंचित उडवलं, पण चेहरा हसरा ठेवला. चांगल्या वळणाची मुलगी होती.

"टायर डिफ्लेट केले आहेत ना, सर?"

"हो," जिग्नेश म्हणाला. इतक्या खोट्यांत आणखी एक.

पण मोठं सामान वेगळ्या खिडकीवर तपासतात. तिथल्या माणसाने खोक्याच्या हात घालायच्या भोकातून हात आत घातला, चाचपलं आणि म्हणाला, "हवा फुल आहे. दगडासारखा आहे टायर." काउंटरवरची मुलगी उठून आली.

"सर, हवा काढावी लागेल."

"कसली हवा?" पुतळीने विचारलं.

"काकू, टायरमधली. नियम आहे."

पुतळीने जिग्नेशकडे पाहिलं. त्याने खाली बघितलं. ती खोक्यापाशी फरशीवर बसली आणि त्याला पाठ टेकली. "मग मी नाही येत," ती शांतपणे म्हणाली. "तू हो पुढे. मी सायकल घेऊन घरी चालत येते. काकड्याने आणली तशी."

रांगेतली माणसं बघू लागली. मागच्या एका गृहस्थांनी घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकला. काउंटरवरची मुलगी गोंधळली. आणि जिग्नेशला वाटलं, आता एकच वाक्य. आई, ती हवा बाबांची नाही, माझी आहे. एवढं बोललं की नियम, विमान, रांग, सगळं सुटत होतं. सायकल आत, आई आत. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"आई," तो म्हणाला. "ऐक. ती हवा..."

पुतळीने त्याच्याकडे वळून पाहिलं. महिनाभर त्याने तिचे डोळे इतक्या जवळून पाहिले नव्हते. त्यात नुसती भीती होती, लहान मुलाच्या हातातून काही हिसकावताना दिसते तशी.

ती मुलगीच खाली वाकली. "काकू, असं बघा," ती म्हणाली. "विमान खूप वर जातं ना, तिथे बाहेर हवा विरळ असते. मग टायरमधली हवा फुगते. एखाद्या वेळी टायर फुटू शकतो, म्हणून आधीच काढून ठेवतात."

"फुटतो?"

"फुटू शकतो."

"आणि सायकल कुठे असते तेव्हा? आमच्याजवळ?"

"नाही काकू. खाली, सामानाच्या खणात."

"तिथे कोण असतं?"

"कोणीच नसतं. अंधार असतो."

खोक्यावरून पुतळीचा हात हळूहळू फिरत राहिला, सुतळीच्या एकेका गाठीवरून. त्या मुलीला वाटलं काकूंना नियम पटतो आहे. जिग्नेशला मात्र जांभळाखालची ती रिकामी जागा दिसली.

"म्हणजे परत एकटेच," पुतळी म्हणाली. "अंधारात. कोणी जवळ नाही." तिने डोळे पुसले. "नको. एकदा झालं ते झालं. ह्या वेळी मी आहे."

ती गुडघ्यावर बसली आणि स्वतःच्या गाठी स्वतः सोडवू लागली. कात्री पुढे करणाऱ्या माणसाकडे तिने बघितलंही नाही. खोक्याचं झाकण वर केलं तसा आळीचा सगळा वास त्या चकचकीत इमारतीत पसरला. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह तिने चाचपून शोधला. चकती फिरवली. हवा सुटली, आणि पुतळी दचकली, कारण ती फार लवकर संपली. एवढा महिना जपलेलं दोन श्वासांत गेलं. तिने काही म्हणायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

मग मागचं चाक. ह्या वेळी ती घाई करणार नव्हती. चकती तिने केसभर फिरवली. बारीक, सुईसारखा आवाज यायला लागला. तिने गाल खाली नेला, हवा गालावर घेतली, आणि डोळे मिटले.

"हात आण," ती म्हणाली. जिग्नेश हलला नाही. "अरे हात आण तुझा. बाबा आहेत. तू आलास तेव्हा बर्फात होते, तुला गरम हात नाही मिळाला त्यांचा. आता तरी धर."

तिने त्याचं मनगट धरून त्याचा तळहात व्हॉल्व्हवर आणला. थंडसर हवा त्याच्या हाताला लागत राहिली. रबराचा वास होता. परवा सकाळी, फडकं गुंडाळलेल्या पंपाने, त्यानेच भरलेली ती हवा.

"त्या दिवशी मी चुकीचं बोलले हो," पुतळी म्हणाली. हे जिग्नेशला उद्देशून नव्हतं. "गुडघा सुजला होता तुमचा, म्हणून रागावले. मनात तसं नव्हतं." आवाज बारीक होत चालला होता, व्हॉल्व्हचा आणि तिचाही. शेवटचा धागा हातावर असताना तिने दारात उभी राहिल्यासारखा पदर सारखा केला.

"या," ती म्हणाली. "या हं. सावकाश या."

मग काही आवाज राहिला नाही. टायर बसला. पुतळीने चकती परत घट्ट केली, मुलाचा हात सोडला आणि सुतळी उचलून पुन्हा गाठी मारायला घेतली. तिचा चेहरा महिनाभरात पहिल्यांदा सैल झाला होता. काउंटरवरची मुलगी तोंड वळवून उभी होती, आणि तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

जिग्नेश मात्र तसाच बसून राहिला, हात पुढे धरून. आता तो कधीच सांगू शकणार नव्हता, हे त्याला कळलं होतं, आणि त्याचं त्याला दुःख नव्हतं. आईचं 'या' जिथे पोचायचं तिथे पोचलं असेल, असं त्यालाही मानायचं होतं. त्याला आठवत होती ती दुसरी हवा, खरी. ती पण अशीच ह्याच हातावर आली होती, अशीच थंडसर, रबराच्या वासाची. बाप त्याच्यासाठी तेवढा मागे थांबला होता. आणि दूध आणायला उशीर होतो म्हणून त्याने तो हात पँटला पुसला होता.